वॉशिंग मशीनवरचं अंडं

आमच्या घरात पंधरा अँपिअरचे प्लग तीनच. एक स्वयंपाकघरात, ग्राइंडरचा. दुसरा अण्णाच्या खोलीत, एसीचा. तिसरा मागच्या पडवीत, वॉशिंग मशीनचा. भाचीने चेन्नईहून एअर फ्रायर पाठवला तेव्हा तो ठेवायचा कुठे यावर फार डोकं चालवावं लागलं नाही. ज्यात अंडं शिजणार ते यंत्र स्वयंपाकघरात जाणं शक्यच नव्हतं, आणि अण्णाच्या खोलीची भिंत देवघराला लागून. उरली पडवी. वॉशिंग मशीनच्या झाकणावर मी एक फळी टाकली, तिच्यावर ते काळं धूड बसवलं. कपडे धुवायचे असले की फळीसकट सगळं खाली उतरवायचं आणि धुणं झालं की पुन्हा वर चढवायचं.

अण्णा माझा थोरला भाऊ. सत्तरी ओलांडलेला, वहिनी जाऊन बरीच वर्षं झालेली, साखरेचा जुना रोगी. मी लग्न होऊन पुण्याला गेले, तिथे शाळेत भूगोल शिकवला, आणि नवरा गेल्यावर परत कुंभकोणमला आले. आता या घरात आम्ही दोघंच. उंबऱ्याबाहेर तमिळ, उंबऱ्याच्या आत आमची मराठी, तीनशे वर्षांपूर्वी मराठा राजांच्या मागोमाग इकडे आलेल्यांची. पुण्यात माझ्या बोलण्याला सगळे हसायचे म्हणून मी ते टाकलं. इथे परतले तर अण्णा माझ्या पुणेरीला हसायला लागला. हसू दे. भाची, अण्णाची मुलगी, तमिळमध्येच वाढली, तिला नुसतं कळतं. बोलायला मला अण्णा आहे आणि अण्णाला मी.

त्याच्या उजव्या पायाच्या करंगळीला कधीतरी काहीतरी टोचलं. त्याला कळलं नाही, कारण दोन्ही पावलांची जाणीव साखरेने केव्हाच खाल्ली होती. कळलं तेव्हा करंगळी काळी पडली होती. ती काढली. पण काढलेल्या जागेची जखम भरून येईना. ड्रेसिंग चालू, गोळ्या चालू, आणि जखम आपली जशीच्या तशी, ओली.

डॉक्टर तरुण आहेत, थोडे तोंडाळही. म्हणाले, "भरायला शरीरात काही असलं तर भरेल ना? ताकभातावर मांस कुठून येणार?" आम्ही मूग सांगितले, पनीर सांगितलं. पनीर अण्णाला रबर वाटायचं. डब्यातल्या पावडरीने त्याचं पोट इतकं बिघडलं की होतं ते वजनही गेलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, रोज दोन अंडी. नाहीतर, असं म्हणून त्यांनी तळहाताची कड स्वतःच्या घोट्यावर ठेवली. ती खूण घेऊनच मी घरी आले, आणि तेव्हापासून अण्णाच्या घोट्याकडे बघवेना.

मला वाटलं होतं, अण्णा अंड्याला साफ नाही म्हणेल. हा माणूस प्रवासाला निघाला तर स्टेशनवरचं पाणीसुद्धा प्यायचा नाही. रोजची पूजा कधी चुकवलेली नाही. शाळिग्राम, रांगणारा बाळकृष्ण, अन्नपूर्णा, सगळे त्याच्या हातचं स्नान घेऊन बसलेले. पण तो शांतपणे म्हणाला, "औषध म्हणून खातों. पण तें खाऊन देवाला शिवणार नाहीं." मला मेलीला इतकं हायसं वाटलं की पुढचं वाक्य मी कानावरून जाऊ दिलं.

आमच्या गल्लीतल्या दुकानात अंडी मागणं शक्य नव्हतं. मी बसने तिरुभुवनमच्या रस्त्याला गेले आणि एका अनोळखी दुकानासमोर उभी राहिले. आधी मीठ घेतलं, मग साबण घेतला, मग आगपेटी. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ते हेच. शेवटी अंडी मागितली आणि विचारलं नसताना "नातीच्या केकसाठी" असंही सांगितलं. कापडी पिशवीत तळाला अंडी, वर पालेभाजीची जुडी, अशी साठी उलटलेली बाई मी चोरासारखी घरी आले.

स्वतःला मी या घरातली सुधारलेली समजत होते. अण्णाच्या सोवळ्याची थट्टा करायचे. केकमधलं अंडं मी अंडं धरत नसे. पण पडवीत उभं राहून पहिलं अंडं वाटीच्या कडेवर फोडलं, ते गार बुळबुळीत बोटांना लागलं आणि वास आला, तशी वाटी तिथेच ठेवून नळाकडे धावले. हात साबणाने धुतले. मग हळदीने धुतले. मग सरळ जाऊन डोक्यावरून आंघोळ केली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि पुण्याला तीस वर्षं राहून माझा तर सुंभही धड जळलेला नव्हता. मला स्वतःचाच राग आला.

अंडं कसं करायचं हेही सोपं नव्हतं. तेल नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सालासकट भाजून दिलं तर कोरडा बलक अण्णाच्या घशात अडकला, डोळे पांढरे व्हायची वेळ आली. भाची म्हणाली, "आत्या, पोच कर." म्हणजे साल फोडून अंडं पाण्यात सोडायचं आणि मऊ शिजवायचं. एअर फ्रायरमध्ये वाटी ठेवूनही होतं, असं तिने कुठेतरी पाहिलं होतं. मी वाटीत गार पाणी घेतलं, तर यंत्र टुणटुण वाजून थांबलं तरी अंडं कच्चंच. पाणी कमी घेतलं, तर वरची बाजू चामडं. वर ॲल्युमिनियमचा कागद झाकला, तर आतल्या वाऱ्याने तो उडाला आणि वरच्या तारेला चिकटून असा खडखडला की शेजारच्या मामींनी भिंतीपलीकडून विचारलं, मिक्सर बिघडला का. शेवटी जमलं ते असं: वाटीत आधी उकळतं पाणी, अर्ध्याच्या वर. त्यात हलक्या हाताने अंडं. वर छोटी स्टीलची ताटली. मग पांढरं घट्ट होतं आणि पिवळं नुसतं थरथरतं राहतं.

उकळतं पाणी यायचं स्वयंपाकघरातून, आणि तांब्या परत तिथेच जायचा. म्हणून तो अंड्याच्या वाटीला लागता कामा नये. वरून ओतायचं. यात मला काही वेगळं वाटलं नाही. आमच्याकडे पाणी पितात ते भांडं ओठांना न लावता, वरून. वाढतात ते पानाला पळी न लावता, वरून. लहानपणी आम्हाला चालायच्या आधी वरून ओतायला शिकवलं असावं.

अंडं जमलं, पण अण्णा खाईना. दोन चमचे खायचा आणि वाटी बाजूला सारायचा. मी चिडले, "आता काय झालं?" तो देवघराकडे न बघता म्हणाला, "देव पारोसे आहेत आणि मी जेवतों." तेव्हा ते कानावरून गेलेलं वाक्य माझ्या लक्षात आलं. अंडं खायला लागल्यापासून त्याने देवाला हात लावला नव्हता; अंड्याचा विटाळ आंघोळीने जात नाही, असं त्याचं म्हणणं. आणि त्याच नियमाने, अंडं करणारी मीही लावू शकत नव्हते. मी लांबून फूल टाकत होते, निरांजन लावत होते. देवांच्या अंगाला पाणी लागलेलं नव्हतं. घरात कोणी गेलं असावं तसं ते देवघर दिसत होतं, आणि मी इतकी अंड्यात गुंतलेली की मला ते दिसलंही नव्हतं.

तोड त्यानेच काढली. "तूं देवाचें कर. मी माझें करतों."

म्हणजे काय ते पडवीत जाऊन तो फ्रायरसमोर उभा राहिला तेव्हा मला कळलं. श्राद्धाचा पिंड सोडला तर या माणसाने जन्मात काही शिजवलेलं नव्हतं. आणि बायकांनी शाळिग्रामाला शिवायचं नाही, म्हणून मला या देवांच्या जवळ कधी कोणी येऊ दिलं नव्हतं. आता सकाळी मी देवघरात आणि तो पडवीत. मी उंबऱ्यावर उकळत्या पाण्याचा तांब्या ठेवून पूजेला जायची. तो फडक्यात तांब्या धरून वाटीत वरून पाणी ओतायचा, तांब्या उंबऱ्यावर परत ठेवायचा, मग अंडं फोडायचा. तिकडून ओरडायचा, "शाळिग्रामाला शिवूं नको. वरून धार धर." मी धरायची. मी मंत्र विसरले की तो पुढचा चरण पडवीतून सांगायचा, आणि त्याचं यंत्र वाजलं की मी इकडून ओरडायची, "अण्णा, झालं बघ."

खरं सांगायचं तर मला ती पूजा नको होती. इतकी वर्षं तुम्ही मला दूर ठेवलंत, आता अडचण आली म्हणून माझ्या गळ्यात, असं मनात यायचं. पण अण्णा खायला लागला होता. नुसता खायला नाही, त्याला अभिमान वाटायला लागला होता. वाटी माझ्या नाकासमोर धरून म्हणायचा, "बघ, कसें थरथरतें आहे. तुजला असें कधीं जमलें नाहीं." मीठ, मिरपूड स्वतः घालायचा. भाचीला व्हिडिओवर दाखवायचा. आणि जखमेच्या कडा गुलाबी झाल्या. डॉक्टर प्रथमच हसले. त्या दिवशी रिक्षात मी देवाला मनातल्या मनात नमस्कार केला आणि त्याबरोबर कोंबडीलाही.

एका गोष्टीवरून मात्र आमचं रोज वाजायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की घरातसुद्धा पायात काहीतरी हवं, दोन्ही पायांत. उजव्याला पट्टी आणि त्यावर त्यांनीच दिलेली खास सँडल. डावा उघडा. मी म्हणायची, "अण्णा, चप्पल." तो म्हणायचा, "घरांत?" एवढंच. जणू मी त्याला देवघरात छत्री उघडायला सांगत होते. त्याचे डोळेही अधू झालेले होते, साखर तिथेही पोचली होती. वाटी कुठे आणि वाटीची कड कुठे हे त्याला अंदाजाने कळायचं. हे सगळं मला ठाऊक होतं. पण तांब्या खाली कर, कडेला टेकव, हे माझ्या तोंडून एकदाही निघालं नाही, कारण ते माझ्या डोक्यातच आलं नाही. वेगळी विजेची किटली पडवीत ठेवावी हेही आलं नाही. वरून ओतणं ही आम्हाला अडचण वाटतच नाही.

त्या सकाळी मी बाळकृष्णाला पुसत होते. पडवीतून पाणी सांडल्याचा आवाज आला. मी विचारलं, "काय सांडलं?" तो म्हणाला, "कांहीं नव्हे. जरा पाणी." मग यंत्र वाजलं, मग तो वाटी घेऊन हॉलमध्ये आला. ओल्या पावलाचे ठसे उमटले. मी त्याच्यावर खेकसले की पाय पुसायला काय होतं, आत्ताच फरशी पुसली आहे. तो ओशाळला, पायपुसण्यावर डावा पाय घासला आणि अंडं खायला बसला. म्हणाला, आज फार सुरेख जमलें आहे.

दुपारी उजव्या पायाची पट्टी बदलायला मी त्याचे दोन्ही पाय स्टुलावर घेतले. डाव्या पावलाच्या वरच्या बाजूची कातडी तापवलेल्या दुधावरच्या सायीसारखी पांढरी, सुरकुतलेली, वर आलेली होती. पायपुसण्यावर घासली तिथे निघालीच होती. मी विचारलं, "अण्णा, हे दुखत नाही?" तो वाकून बघायला लागला, पण त्याला इतक्या लांबचं दिसत नव्हतं. "काय झालें?" असं त्याने मला विचारलं. मी त्याचा पाय मांडीवर घेऊन रडले, आणि तो माझ्या डोक्यावर हात ठेवून "उगी, उगी" म्हणत राहिला. काय झालंय हे त्याला अजून माहीतही नव्हतं.

डॉक्टरांनी विचारलं, कसं भाजलं. अण्णा तमिळमध्ये म्हणाला, "स्वयंपाक करताना." जरा ताठ बसून म्हणाला. डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जणू आजारी भावाला चुलीपुढे उभा करते. त्यांना काय सांगणार? शाळिग्राम, तांब्या, वरून धार, कुठून सुरू करणार? मी खाली मान घालून ऐकलं. उजवी जखम जवळजवळ मिटली होती. आता हा डावा. भाजलेलं खोल आहे, साखरेच्या पायाला काही सांगता येत नाही, डावा पाय जमिनीला टेकवायचा नाही. आगीतून उठून फुफाट्यात, असं मी मनात म्हटलं. निघताना ते म्हणाले, "अंडी मात्र सोडू नका. त्यानेच उजवा वाचला."

घरी आल्यावर अण्णाने खाटेवर पडून दोन्ही पाय उशीवर घेतले. मग म्हणाला, "अंडें राहूं दे आतां."

"का?"

"मजला उभें राहतां येत नाहीं. तूं अंडें केलेंस तर देवाचें कोण करणार?"

"आणि डावा पाय?"

त्याने चादर छातीपर्यंत ओढून घेतली. मला इतका संताप आला की मी त्याच्या खाटेपाशी उभी राहून बोलत सुटले. म्हटलं, तो बाळकृष्ण रांगतो तरी, त्याला गुडघे आहेत, पाय आहेत, तुला नकोत? तुझ्या नियमाने तुझा पाय भाजला. माझ्याही नियमाने भाजला, मीच तांब्या भरून ठेवत होते. आता दुसऱ्या पायावर कोणी तळहाताची कड ठेवलेली मला बघायची नाही. तू गेलास तर या घरात मी कोणाशी बोलू? शेवटचं वाक्य बोलायचं ठरवलेलं नव्हतं. तो छताकडे बघत होता. "उगी ऱ्हा," एवढंच म्हणाला, आणि भिंतीकडे वळायला गेला तर दोन्ही पाय उशीवर बांधल्यासारखे, त्याला वळताही आलं नाही.

भाजल्याचं ऐकून भाचीने तोवर विजेची किटली पाठवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी पडवीत गेले. किटलीचं तोंड वाटीच्या कडेवर टेकवलं आणि पाणी ओतलं. एक थेंब बाहेर गेला नाही. अंडं फोडलं, ताटली झाकली, किटलीची पिन काढून यंत्र लावलं. ते वाजेपर्यंत तिथेच उभी राहिले. मग हात एकदा साबणाने धुतले. हळद नाही, आंघोळ नाही. ओल्या हातांनी देवघरात गेले आणि शाळिग्राम उचलला. पहिल्यांदाच. वाटला होता त्याहून जड होता, आणि खालच्या बाजूला गुळगुळीत झिजलेला, अण्णाच्या आणि त्याच्या आधीच्यांच्या बोटांनी. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण तो मी नीट धुतला, पुसला, तुळस वाहिली आणि घंटा वाजवली.

मग तीर्थाची वाटी आणि पळी घेऊन अण्णाच्या खाटेपाशी गेले. त्याने सगळं ऐकलं होतं. आधी यंत्र वाजलं आणि मग घंटा वाजली, मध्ये न्हाणीघराचा नळ वाजला नाही.

"मधें न्हालीस तरी?" त्याने विचारलं.

"नाही."

"ह्याच हातांनीं केलेंस?"

"ह्याच. शाळिग्रामही हातात घेतला."

तो माझ्या हातांकडे बघत राहिला. अंड्याचा वास साबणाने पूर्ण जात नाही, हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. मी पळी भरली आणि रीतीप्रमाणे वर धरली, त्याच्या हातापासून दूर. त्याने उजवा तळहात पुढे केला, पण खोलगट केला नाही, नुसताच धरला. पळीतून दोन थेंब चादरीवर पडले. म्हटलं, नाही म्हणाला तर मी काय करणार आहे? हात धरून अंडं त्याच्या तोंडात कोंबणार आहे का मी काही?

मग त्याने डाव्या हाताने माझं मनगट धरलं, खाली ओढलं, आणि पळी आपल्या तळहातावर टेकवली. धातू कातडीला लागलेला मी पाहिला. तीर्थ प्यायला, हात डोक्यावरून फिरवला, डोळे मिटून क्षणभर थांबला.

"अंडें निवत असेल," तो म्हणाला. "आण."